गोदामातील रॅकसाठी स्प्रिंकलरची निवड

गोदामातील रॅकसाठी स्प्रिंकलरची निवड म्हणजे उंच रॅकवर माल साठवलेल्या गोदामात आग लागल्यास तिच्यावर आपोआप पाणी सोडणारी तोंडे कोणत्या प्रकारची, किती अंतरावर, कोणत्या उंचीवर आणि किती दाबाच्या पाण्यासह बसवावीत, हे ठरवण्याची अभियांत्रिकी पद्धत होय. ही निवड केवळ इमारतीच्या क्षेत्रफळावरून होत नाही. साठवलेला माल, त्याचे वेष्टन, तो रचण्याची पद्धत व उंची, छताची उंची आणि उपलब्ध पाणी या सर्वांचा विचार करून ती केली जाते. त्यामुळे एका मालासाठी योग्य असलेली यंत्रणा त्याच गोदामात दुसरा माल आल्यावर अपुरी ठरू शकते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर व हळद यांच्या हंगामाप्रमाणे गोदामांतील माल वर्षभर बदलत असतो. म्हणून या भागात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

## संज्ञा

मराठवाड्यात ‘स्प्रिंकलर’ हा शब्द मुख्यतः शेतातील तुषार सिंचन संचासाठी वापरला जातो. अग्निशमनातील स्प्रिंकलरचे त्याच्याशी केवळ नामसाम्य आहे. शेतातील संच माणूस सुरू करतो आणि त्याची सर्व तोंडे एकदम चालतात. अग्निशमनातील स्प्रिंकलर मात्र एरवी बंद असतो व आगीच्या उष्णतेने आपोआप उघडतो. मराठी तांत्रिक लेखनात त्यास ‘तुषारक’ असेही म्हणतात. ‘रॅक’ म्हणजे उभे खांब व आडवे दांडे यांची बहुमजली मांडणी. तिच्यावर माल बहुधा पॅलेटवर, म्हणजे यंत्राने उचलता येणाऱ्या लाकडी वा प्लास्टिकच्या चौथऱ्यावर, ठेवलेला असतो. जमिनीवर पोत्यांवर पोती रचून केलेल्या साठ्यास ‘थप्पी’ म्हणतात. थप्पीतील व रॅकवरील आगीचे स्वरूप वेगवेगळे असल्याने दोहोंचे नियमही वेगळे आहेत.

## इतिहास

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेतील कापड गिरण्यांत छताखाली छिद्रे पाडलेले नळ बसवले जात. आग लागली की माणसाने झडप उघडायची आणि सर्व छिद्रांतून एकदम पाणी सुटायचे, अशी ही व्यवस्था होती. अमेरिकेतील न्यू हेवन येथील हेन्री पार्मली याने आपल्या पियानोच्या कारखान्याच्या रक्षणासाठी उष्णतेने उघडणारा स्प्रिंकलर तयार केला आणि १८७४ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८१ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा केली. १८९६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना स्थापन झाली. तिचे ‘एनएफपीए १३’ हे मानक आजही या विषयातील प्रमुख आधार मानले जाते.

जुन्या घडणीचे स्प्रिंकलर पाण्याचा बराचसा भाग वर छताकडे उडवत. १९५० च्या दशकात सर्व पाणी खाली फेकणारा प्रकार रूढ झाला. पुढे माल उचलणारी यंत्रे आली, गोदामांची उंची वाढली आणि रॅकमधील आगीपुढे हाही प्रकार अपुरा पडू लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पूर्ण आकाराचे रॅक उभारून ते पेटवण्याचे प्रयोग झाले. त्यांतून रॅकसाठी स्वतंत्र नियम तयार झाले. १९८० च्या दशकात आग केवळ आवरून न धरता आरंभीच दडपून टाकणारा ‘ईएसएफआर’ हा प्रकार विकसित झाला.

यंत्रणा व माल यांचा मेळ नसल्यास काय होते, याचे सर्वपरिचित उदाहरण २१ जून १९८२ रोजीचे आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॉल्स टाउनशिप येथे केमार्ट या कंपनीच्या प्रचंड गोदामाला त्या दिवशी आग लागली. गोदामात स्प्रिंकलर होते. पण तेथे ज्वलनशील द्रव भरलेले, दाबाने फवारणारे डबेही साठवलेले होते. तापलेले डबे फुटून पेटत्या अवस्थेत दूरवर उडाले आणि त्यांच्याबरोबर आग एका भागातून दुसऱ्या भागात गेली. संपूर्ण गोदाम जळाले. या घटनेनंतर अशा डब्यांच्या साठवणुकीसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले.

## रॅकमधील आगीचे स्वरूप

रॅकवर शेजारी शेजारी ठेवलेल्या पॅलेटांमध्ये, तसेच पाठीस पाठ लावून उभ्या केलेल्या दोन रॅकांमध्ये उभ्या पोकळ्या राहतात. तळाशी ठिणगी पडली की या पोकळ्या धुराड्याचे काम करतात. गरम वायू वर चढतात, खालून ताजी हवा ओढली जाते आणि ज्वाळा काही मिनिटांतच छतापर्यंत पोचू शकतात. माल दोन्ही बाजूंना असल्याने एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूस तापवत राहते. शिवाय पॅलेटांच्या प्रत्येक थराखाली हवा असते. त्यामुळे घट्ट रचलेल्या थप्पीपेक्षा रॅकमधील आग कितीतरी वेगाने वाढते.

याच पोकळ्यांचा पाण्याला उपयोगही होतो. छतावरून पडणारे पाणी पेटलेल्या तळापर्यंत पोचण्याचा मार्ग त्यांतूनच जातो. म्हणून पॅलेटांमध्ये व रॅकांच्या पाठींमध्ये साधारण १५० मिलिमीटर रुंदीची पोकळी मोकळी ठेवावी, असे मानके सांगतात. जागा वाचवण्यासाठी ही पोकळी मालाने भरली, तर आग आतल्या बाजूने आडवी पसरते आणि पाणी मात्र वरच्या थरावरून ओघळून वाया जाते. रॅकवर सलग फळ्या टाकल्यानेही हाच परिणाम होतो. १.८६ चौरस मीटरपेक्षा मोठ्या सलग फळीचा रॅक ‘बंद फळीचा’ मानला जातो आणि तेथे केवळ छतावरील स्प्रिंकलर पुरेसे धरले जात नाहीत.

उष्णतेचा परिणाम रॅकच्या खांबांवरही होतो. सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. भरलेला रॅक कोसळला, तर आगीच्या जागेपर्यंत जाणेच अशक्य होते.

## स्प्रिंकलरची रचना व कार्य

स्प्रिंकलरचे मुख्य भाग तीन असतात: पाण्याचे छिद्र, ते बंद ठेवणारा उष्णतासंवेदी घटक आणि पाणी पसरवणारी चकती. संवेदी घटक म्हणजे द्रव भरलेली लहान काचकुपी किंवा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा जोड असतो. ठरावीक तापमानाला कुपी फुटते अथवा जोड वितळतो व पाणी सुटते.

चित्रपटांत एका काडीच्या धुराने इमारतीतील सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू झालेले दाखवतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. स्प्रिंकलर धुराने नव्हे तर उष्णतेने उघडतो आणि ज्या तोंडापाशी पुरेशी उष्णता पोचते तेवढेच तोंड उघडते. ‘पाण्याने सगळा माल भिजेल’ ही भीती अनेकदा याच गैरसमजातून निर्माण होते.

छिद्रातून किती पाणी पडेल हे ‘के-गुणक’ या संख्येवरून काढतात. दाबाच्या वर्गमुळाला के-गुणकाने गुणले की दर मिनिटास पडणारे पाणी लिटरमध्ये मिळते. येथे दाब बार या एककात घेतात. उदाहरणार्थ, के-गुणक ८० असलेल्या स्प्रिंकलरमधून एक बार दाबाला मिनिटास ८० लिटर पाणी पडते. चार बार दाबाला ते चौपट नव्हे, तर दुप्पट म्हणजे १६० लिटर होते. कार्यालये व दुकाने यांत के-८० हा गुणक सामान्यपणे चालतो. रॅकसाठी के-११५, के-१६०, के-२००, के-२४०, के-३२० व के-३६० असे मोठे गुणक वापरले जातात. मोठ्या छिद्रातून मोठे थेंब पडतात. लहान थेंब वर येणाऱ्या गरम झोतात उडून किंवा वाफ होऊन जातात. मोठे थेंब तो झोत भेदून खाली पोचतात.

## निवडीचे निकष

### मालाचे वर्गीकरण

निवडीची पहिली पायरी मालाचे वर्गीकरण ही असते. त्यात वस्तू, तिचे वेष्टन आणि पॅलेट यांचा एकत्रित विचार करावा लागतो. ‘एनएफपीए १३’ प्रमाणे सर्वसाधारण मालाचे चार वर्ग आहेत:

* वर्ग १: न जळणाऱ्या वस्तू लाकडी पॅलेटवर किंवा साध्या एकपदरी पुठ्ठ्याच्या खोक्यांत.
* वर्ग २: न जळणाऱ्याच वस्तू, पण लाकडी पेट्यांत किंवा अनेक पदरी पुठ्ठ्यात.
* वर्ग ३: लाकूड, कागद, सुती कापड यांसारख्या नैसर्गिक जळाऊ वस्तू.
* वर्ग ४: वरील प्रकारच्या वस्तू, पण त्यांत प्लास्टिकचा मर्यादित अंश.

प्लास्टिकचे वर्गीकरण अ, ब, क अशा तीन गटांत केले जाते. पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन व पॉलिस्टायरिन ही सर्वाधिक उष्णता देणारी प्लास्टिके ‘अ’ गटात येतात. कडक पीव्हीसी तुलनेने सौम्य अशा ‘क’ गटात येते. त्यामुळे ‘शेतीचे पाइप’ एवढी नोंद वर्गीकरणास पुरत नाही. पीव्हीसीचे कडक पाइप आणि ठिबक सिंचनाच्या पॉलिथिलीनच्या नळ्या दुकानात शेजारी शेजारी असल्या, तरी आगीच्या दृष्टीने त्या भिन्न गटांतील वस्तू आहेत.

लाकडी पॅलेटऐवजी पॉलिथिलीन वा पॉलिप्रोपिलीनचे साधे पॅलेट वापरले, तर मालाचा वर्ग एका पायरीने वाढतो; पॅलेट आतून मजबुतीकरण केलेले असल्यास तो दोन पायऱ्यांनी वाढतो. बारदानाची जागा प्लास्टिकच्या विणीव पोत्याने घेतली, की आत धान्य तेच असले तरी बाहेरच्या पृष्ठभागाचे ज्वलन बदलते.

### साठवणुकीची व छताची उंची

मालाची उंची वाढली की आगीची तीव्रता वेगाने वाढते. म्हणून मानकांतील सर्व तक्ते मालाचा वर्ग, मालाची उंची व छताची उंची यांच्या जोड्यांनी दिलेले असतात. मालाच्या माथ्यापासून छत फार दूर असणेही घातक असते, कारण उष्णता स्प्रिंकलरपर्यंत पोचण्यास वेळ लागतो आणि तोवर आग मोठी होते.

मालाचा माथा व स्प्रिंकलरची चकती यांत किमान अंतर राखावे लागते. सर्वसाधारण स्प्रिंकलरसाठी ते ४५७ मिलिमीटर, तर मोठ्या थेंबांच्या व ईएसएफआर प्रकारांसाठी ९१४ मिलिमीटर असते. हंगामात ‘आणखी एक थर’ चढवला की हे अंतर संपते आणि पाणी पसरण्याआधीच मालावर अडते. ईएसएफआरसाठी छताचा उतार सहास एक या प्रमाणापेक्षा अधिक नसावा, अशीही अट आहे. जुन्या कैचीच्या, तीव्र उताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रकार त्यामुळे बसवता येत नाही.

### उघडण्याचे तापमान व प्रतिसादाचा वेग

काचकुपीतील द्रवाचा रंग उघडण्याचे तापमान दर्शवतो: नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१ अंश सेल्सिअस. छताजवळील एरवीचे तापमान ३८ अंशांपेक्षा अधिक होत नसेल तेथेच ५७ ते ७७ अंशांचे स्प्रिंकलर वापरावेत आणि ६६ अंशांपर्यंत जात असेल तर ७९ ते १०७ अंशांचे वापरावेत, असा नियम आहे. नांदेड-लातूर भागात उन्हाळ्यात बाहेरचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. पत्र्याखाली ते याहून अधिक असते. म्हणून येथील पत्र्याच्या गोदामात लाल कुपीऐवजी मध्यम तापमान श्रेणीतील, म्हणजे पिवळ्या वा हिरव्या कुपीचा स्प्रिंकलर नियमाला धरून ठरतो.

उघडण्याचे तापमान आणि उघडण्याचा वेग या भिन्न गोष्टी आहेत. वेग ‘प्रतिसाद-काल निर्देशांका’ने मोजतात. हा निर्देशांक ५० किंवा त्याहून कमी असल्यास स्प्रिंकलर जलद प्रतिसादाचा, तर ८० किंवा त्याहून अधिक असल्यास सर्वसाधारण प्रतिसादाचा मानला जातो.

## स्प्रिंकलरचे प्रकार

घनता-क्षेत्र पद्धतीचे स्प्रिंकलर आगीला एका ठरावीक क्षेत्रात आवरून धरतात आणि छत थंड ठेवतात. अखेरची विझवणी अग्निशमन दलाने करायची असते. पाण्याची घनता मिलिमीटर प्रति मिनिट या पावसासारख्याच मापात सांगतात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मध्यम धोक्याच्या इमारतीसाठी धरली जाणारी मिनिटाला ५ मिलिमीटर ही घनता तासाला ३०० मिलिमीटर होते. हवामानशास्त्रात तासाला १०० मिलिमीटर पावसाला ढगफुटी म्हणतात, हे ध्यानात घेता या माऱ्याची कल्पना येते. उंच रॅकसाठी याच्या कित्येक पट घनता लागू शकते.

मोठ्या थेंबांचे विशिष्ट-उपयोगी स्प्रिंकलर हेही आग आवरून धरणारेच असतात. मात्र त्यांची आखणी घनतेऐवजी ठरावीक संख्येची तोंडे व किमान दाब यांवरून केली जाते.

ईएसएफआर म्हणजे आरंभीच दमन करणारे, जलद प्रतिसादाचे स्प्रिंकलर. आग लहान असतानाच थोडी तोंडे उघडून भरपूर पाणी थेट ज्वाळेच्या मुळाशी पोचवणे हे त्यांचे तत्त्व आहे. अनेक ठिकाणी त्यांच्यामुळे रॅकच्या आत नळ टाकावे लागत नाहीत व रॅक पुढे हलवता येतात. मात्र ते अडथळे सहन करत नाहीत. चकतीखालून तुळई, दिवा किंवा हवा खेळवणारी नळी गेली असेल, तर पाण्याचा मारा तुटतो. नळात कायम पाणी भरलेले असेल अशाच यंत्रणेत ते वापरता येतात. वरून उघडी असलेली भांडी रॅकवर ठेवलेली असल्यास ते चालत नाहीत. भांड्यांत पाणी साचते आणि खाली पोचत नाही.

रॅकअंतर्गत स्प्रिंकलर रॅकच्या आत ठरावीक थरांवर बसवतात. आग जिथे लागते तिथेच ते असल्याने पाणी कमी लागते. बंद फळ्यांचे रॅक, अतिउंच रॅक व तीव्र उताराची छते यांसाठी बहुधा हाच मार्ग उरतो. वरच्या तोंडाच्या पाण्याने खालचे तोंड थंड होऊन बंदच राहू नये म्हणून त्यावर लहान छत्री बसवतात. माल चढवणाऱ्या यंत्राच्या धक्क्याने तोंड मोडण्याचा धोका मात्र असतो.

## पाण्याची गणना

उदाहरणादाखल ९.१ मीटर उंच छताचे व ७.६ मीटरपर्यंत खोक्यांतील माल असलेले गोदाम घेता येईल. त्यासाठी के-२०० गुणकाचा ईएसएफआर सुमारे ३.४ बार दाबाने चालवण्याची पद्धत प्रचलित आहे. ३.४ चे वर्गमूळ सुमारे १.८४४ येते. त्याला २०० ने गुणल्यास एका तोंडातून मिनिटास सुमारे ३६९ लिटर पाणी पडते. गणनेसाठी सर्वांत दूरची १२ तोंडे एकाच वेळी उघडी धरतात. त्यांचे पाणी मिनिटास सुमारे ४,४२५ लिटर होते. अग्निशमन दलाच्या नळीसाठी ९५० लिटर मिळवल्यास एकूण ५,३७५ लिटर होतात. हा पुरवठा ६० मिनिटे टिकायला हवा. म्हणजे टाकीत सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी कायम राखीव असले पाहिजे.

हे पाणी अन्य कशासाठीही वापरता येत नाही. टाकी एकच असेल, तर दैनंदिन वापराच्या नळाचे तोंड राखीव पातळीच्या वर घेतात, जेणेकरून विसरूनही राखीव साठा उपसला जाणार नाही.

## मराठवाड्यातील संदर्भ

### पाणी

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वरील उदाहरणातील एका गोदामाचा राखीव साठा या गाडीच्या जवळपास दोन तृतीयांश भरतो. अवर्षणग्रस्त प्रदेशात स्प्रिंकलरची निवड ही म्हणूनच पाण्याच्या नियोजनाचीही बाब ठरते. उंची कमी ठेवणे, जळाऊ माल वेगळ्या खणात ठेवणे किंवा रॅकअंतर्गत स्प्रिंकलर वापरणे यांमुळे पाण्याची गरज घटू शकते. पत्र्याच्या विस्तीर्ण छपरावरील पावसाचे पाणी गाळून टाकीत घेणे हाही एक उपाय आहे. मात्र टंचाईच्या काळात राखीव टाकी रिकामी केली, तर त्या दिवसापासून यंत्रणा केवळ नावापुरती उरते.

### कापूस

नांदेडच्या ईशान्येस, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले हिमायतनगर (जुने नाव वाढोणा) हे तालुक्याचे ठिकाण मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. हा कापूस व सोयाबीन पिकवणारा पट्टा आहे. सरकी काढलेली रुई दाबून भारतात साधारण १७० किलोच्या गाठी बांधतात. वेचणीत कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनिंगच्या यंत्रात घासला, की ठिणगी पडू शकते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली, तर आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते. म्हणून ताज्या गाठी काही काळ वेगळ्या ठेवून मगच मुख्य गोदामात नेणे हितावह असते.

धुमसणारी गाठ पुरेशी उष्णता देत नसल्याने स्प्रिंकलर उघडत नाही. ज्वाळा झाल्यावर तो आग आवरून धरतो. पण पाणी गाठीच्या गाभ्यात शिरत नाही. त्यामुळे गाठी बाहेर काढून, फोडून विझवाव्या लागतात. कापसाच्या गाठींसाठी मानकांत म्हणूनच वेगळे नियम आहेत. भिजल्यावर फुगणाऱ्या मालापासून भिंतीपर्यंत सुमारे ६०० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. अन्यथा फुगलेला माल भिंत ढकलून पाडू शकतो.

गाठींतील आग किती चिवट असते याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. जहाजात स्फोटकेही होती. पाण्याचा मारा करूनही आग विझली नाही आणि दुपारी चारच्या सुमारास भीषण स्फोट झाला. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

### धान्य व शेतमाल

महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ व बाजार समित्या यांच्या पारंपरिक गोदामांत धान्याची पोती बहुधा थप्पी लावून ठेवली जातात, रॅकवर नव्हे. अख्खे धान्य सहज भडकत नाही. बारदान, प्लास्टिकची पोती, ढेप आणि सदोष विजेची तार यांतून मात्र धोका संभवतो. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात. या गोळ्यांचा पाण्याशी संयोग झाल्यास फॉस्फिन हा विषारी व ज्वालाग्राही वायू सुटतो. म्हणून त्यांचा साठा स्प्रिंकलर असलेल्या दालनात न ठेवता स्वतंत्र, कोरड्या व हवेशीर खोलीत ठेवावा लागतो.

गोदामातील शेतमाल नेहमीच व्यापाऱ्याचा असतो असे नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत शेतकरी बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घेतो आणि भाव वाढण्याची वाट पाहतो. गोदामाची आग अशा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टावर येते.

### भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाला. तोपर्यंत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या भूकंप-पट्ट्यात गणला जात असे. टांगलेले पाण्याने भरलेले नळ जड असतात. हादऱ्याने ते झोके घेऊन सांध्यांत तुटू नयेत म्हणून त्यांना तिरके आधार द्यावे लागतात. रॅकअंतर्गत नळांचे सांधे, रॅक हलला तरी न तुटतील असे लवचिक ठेवावे लागतात.

## कायदे व मानके

भारतात ‘आयएस १५१०५’ हे भारतीय मानक स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणेच्या आखणीसाठी लागू आहे. ते प्रथम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये अग्निसुरक्षेच्या तरतुदी असून तीत साठवणुकीच्या इमारती ‘एच’ गटात मोडतात. अतिउंच रॅक व ईएसएफआर यांसाठी आखणी करताना ‘एनएफपीए १३’ चाही आधार घेतला जातो. मात्र दोन मानकांतील सोयीचे तेवढे आकडे उचलून मिश्र आखणी करणे चुकीचे मानले जाते; कारण प्रत्येक मानकाचे आकडे त्याच्या स्वतःच्या गृहीतकांवर उभे असतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक अथवा भोगवटादाराची आहे. परवानाप्राप्त अभिकरणाने यंत्रणा बसवल्यावर ‘नमुना-अ’ प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना-ब’ प्रमाणपत्र सादर करावे लागते.

## देखभाल

स्प्रिंकलर बंद असताना तो निकामी आहे की सज्ज, हे बाहेरून कळत नाही. म्हणून नियमित तपासणी हाच खात्रीचा मार्ग असतो. मुख्य झडप उघडी असणे, टाकी भरलेली असणे आणि पंप प्रत्यक्ष चालवून पाहणे या त्यातील मूलभूत गोष्टी होत. वीज गेली तरी पंप चालावा म्हणून डिझेलवरील पंपही ठेवतात. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने नळांत साका धरतो, त्यामुळे नळ धुऊन काढावे लागतात. तोंडावर रंग लागलेला स्प्रिंकलर पुसून वापरत नाहीत, तो बदलतात.

गोदामाच्या प्रवेशद्वारापाशी यंत्रणेची माहिती देणारी पाटी लावलेली असावी. तीवर मालाचा वर्ग, मालाची कमाल उंची, तोंडाचा के-गुणक आणि आवश्यक दाब नोंदवलेला असतो. माल, वेष्टन, पॅलेट किंवा रॅकची उंची यांपैकी काहीही बदलले, की या पाटीशी ताडून पाहावे लागते. पाटीवरील वर्गाच्या पलीकडचा माल आत ठेवायचा असेल, तर यंत्रणेची गणना नव्याने करावी लागते. तोवर तो माल बाहेर किंवा कमी उंचीवर ठेवावा लागतो.